रत्नागिरी ते दोहा, सरळ रेषेत

चूक माझीच होती, आणि ती मी मोबाइलवर मोठ्यानं वाचून केली. धाकटा भाऊ सकाळी आठच्या गाडीनं मुंबईला निघाला होता आणि तिथून विमानानं दोह्याला जायचा होता. तिकडे तो एसी बसवायच्या आणि दुरुस्तीच्या कामावर. तो गेल्यावर आईनं विचारलं, "किती वेळ लागतो रे पोचायला?"

मोबाइलवर सगळं कळतं हा शोध मला तेव्हा नुकताच लागला होता. मी दोन गावांची नावं टाकली. रत्नागिरी ते दोहा, हवाई अंतर चोवीसशे किलोमीटरच्या आसपास, विमानाचा वेळ तीन तास आणि वर काही मिनिटं. बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मी ते वाचून दाखवलं.

"म्हणजे जेवायच्या आत पोचतो," आई म्हणाली.

"पोचलाच समज," मी म्हटलं.

अकरा वाजून गेल्यावर आई फोनजवळ येऊन बसली. शेवटी मीच लावला. भाऊ म्हणाला, "दादा, आत्ता चिपळूण सोडलं. काय झालं? आई बरी आहे ना?"

मोबाइलवरच्या त्या पानानं विमान थेट आमच्या सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, उडवलं होतं. वर सड्यावर धावपट्टी आहे, नाही असं नाही. पण तुम्हीआम्ही तिकीट काढून बसावं असं विमान त्या वेळी तरी तिथं नव्हतं, ते 'पुढच्या वर्षी' होतं. पान बिचारं दोन ठिपके घेऊन सरळ रेघ मारून मोकळं झालं. बस, घाट, रस्त्याचं चाललेलं काम, विमानतळावरची रांग, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. कारण मी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी किती वाजता सुटते आणि किती वाजता पोचते, हे दिवसभर काचेमागे बसून लोकांना सांगायचं, एवढीच माझी नोकरी.

बायको म्हणाली, "आणि लोक तुमचं ऐकून गाडीत बसतात?"

हे हसण्यावारी गेलं असतं, पण त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. आमच्या घरात माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढत नाहीत. निघालेल्याची पावलं पुसली जातात, असं आई म्हणते. न जेवण्याची भर तिनं स्वतःची घातलेली, आणि तीही फक्त धाकट्यासाठी. मी पुण्याला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा ती वेळेवर जेवून आडवी झाली होती. नंतर मी तक्रार केली तर म्हणाली, "तू जमिनीवरनं गेलास."

आईला डायबेटिस आहे. साडेबाराला तिच्या पोटात अन्न गेलं नाही तर तिला घाम फुटतो, हात कापतात. त्या संध्याकाळी बायकोनं तिला जबरदस्तीनं पेज पाजली, आणि मी कॅलेंडरच्या पाठीमागे खरा हिशेब मांडायला बसलो. मुंबईपर्यंत नऊ तास. विमानतळावर तीन तास आधी. मुंबई ते दोहा आकाशात पावणेचार तास. बाहेर पडायला एक तास. तिकडचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास, ते शेवटी वजा. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. भावालाही सांगितलं, मुंबईत एक रात्र मुक्काम करून सकाळचंच विमान घेत जा, म्हणजे आईचं जेवण फार लांबत नाही, आणि मुंबईला टेकलास की एक फोन कर, म्हणजे तेवढ्यापुरता तरी केर निघेल.

पुढची काही वर्षं तो हिशेब असा बसला की काय सांगू. दहाचं विमान असलं की मी आईला सांगायचो, पावणेतीनला फोन येईल. दोन पन्नासला यायचा. आई तोवर पेलाभर दूध घ्यायला कबूल व्हायची, कारण आता वाट बघण्याला शेवट होता. फोन वाजला की मी घरातल्या सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचो. विमानात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. पण मला वाटायचं, ते मीच उतरवतोय.

भाऊ चौदा वर्षं तिकडे होता. त्याचं लग्न जमवता जमवता त्याचं वय आणि आमचा उत्साह, दोन्ही सरली. सुट्टीवर आला की घरातलं एकेक यंत्र खोलून बसायचा. पंप, मिक्सर, शेजाऱ्यांचा फ्रीज. बोलायचा कमी. मागच्या खेपेला तो गणपतीच्या आधी महिनाभर आला, आणि आणखी कमी बोलायला लागला.

त्या खेपेला त्यानं बरोबर काय आणलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दर वेळी चॉकलेटं, बदाम, आईला मऊ ब्लँकेट. या वेळी आणलंन काय, तर स्वतःची वापरलेली इस्त्री, पाणी गरम करायची किटली, भात शिजवायचा कुकर आणि तिकडे खोलीत भिंतीला लावायचा तो ग्रामदेवतेचा फोटो. किटली मला आवडली. मी म्हटलं, "ही इथंच ठेव, तिकडे दुसरी घे." तो म्हणाला, "ठेव." त्या किटलीतला चहा महिनाभर रोज दोन वेळा प्यायलो. सुट्टीवर आलेला माणूस घरचा देव भिंतीवरून काढून कशाला आणील, हा प्रश्न मला पडला नाही. मी चहा पीत होतो.

गणपती गेले आणि तो निघाला. आईनं कुळथाचं पीठ, आमसुलं, सुक्या कोलंबीची सोडं बांधून दिली. एरवी तो "आणखी घाल" म्हणायचा. या वेळी म्हणाला, "एवढं काय करू?" बॅग हलकी होती. मी चेष्टा केली, "काय रे, हात हलवत चाललायस. तिकडे काय शेखानं बंगला दिलाय?"

तो हसला. त्याला गाडीत मीच बसवून दिलं. कंडक्टर ओळखीचा, खिडकीची जागा. स्टँडवर माझं तेवढं चालतं.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. दुसऱ्या दिवशी दहाचं विमान. माझी साप्ताहिक सुट्टी होती. त्याचं विमान सुटल्यापासून घर पुन्हा झाडायचं नव्हतं, म्हणून बायको सकाळी आठलाच केर काढून मोकळी झाली. मी जाहीर केलं, "पावणेतीन." आईनं मान हलवली.

साडेबाराला फोन वाजला.

आईनं घेतला. तिला कानाशी नीट ऐकू येत नाही म्हणून आम्ही स्पीकर लावून देतो. भाऊ म्हणाला, "आई, पोचलो गो. जेवून घे."

"पोचलास? लवकर पोचलास," आई म्हणाली. तिचा चेहरा असा सैल पडला. बायकोनं लगेच तिचं ताट वाढलं. एक भाकरी, वालाची भाजी. आईनं घास मोडला.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा पावणेतीनचा आकडा चुकत होता.

"अरे, पोचलास कसा?" मी लांबूनच ओरडलो. "दहाला सुटलास ना?"

"हो, दादा."

"मग आत्ता तू पाण्यावर आहेस. फार तर मस्कतच्या आसपास."

"लवकर आलं विमान."

"लवकर म्हणजे किती? पाच-दहा मिनिटं समजू शकतो. पावणेचार तासांचं अंतर अडीच तासांत? आणि त्यात बाहेर पडलास पण?" मला मजा यायला लागली होती, हे कबूल करतो. मी फडताळ उघडून कागदावर बोट ठेवलं होतं. बायको डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होती, ते मला ती भाजीविषयी सांगतेय असं वाटलं. "बरं, तिकडे आत्ता किती वाजले ते सांग बघू."

त्यानं पुटपुटत काहीतरी मोजलं. मग तो म्हणाला, "तीन. तीन वाजलेत."

अडीच तास वजा करायच्या ऐवजी त्यानं मिळवले होते. तिकडे दहा वाजायला हवे होते. चौदा वर्षं त्या घड्याळावर उठलेला माणूस. मी तोंड उघडलं, ते चूक सांगायला. आणि उघडंच राहिलं.

"ठेवतो, दादा," तो म्हणाला, आणि ठेवलंन.

आईनं हातातला घास ताटात परत ठेवला. भाकरीच्या तुकड्यावर भाजी तशीच होती. ती हात धुऊन आली आणि पडवीत जाऊन बसली.

मी फोन लावत राहिलो. रिंग वाजायची, उचलत नव्हता. संध्याकाळी आई म्हणाली, "तो तिकडे गेलाच नाही ना?"

"माहीत नाही, आई."

"मग कुठं आहे?"

"ते पण माहीत नाही."

तिला घाम येत होता. बायकोनं पेज आणून समोर ठेवली आणि नुसती उभी राहिली. आई म्हणाली, "पिते मी. पण केर काढू नकोस गो. माझा झिल अजून कुठं पोचला नाही."

पुढचे सात दिवस आमच्या घरात केरसुणीला कुणी हात लावला नाही. बायकोला एक काडी दिसलेली खपत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दाण्यांची फोलं हातानं वेचली. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायला लागली, कारण पुसायला बंदी नव्हती. आई बघत बसायची. खाटेखाली, दारामागे धूळ साचत गेली. आणि त्या सात दिवसांत मी रोज ड्युटीवर जाऊन काचेमागून लोकांना सांगत होतो, गाडी लेट आहे, येईल, लागली की कळेल.

चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'बरा आहे. काळजी नको.' मी तो आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तू वाचून काय? त्यानं सांगायला हवं."

मुंबईत भाऊ ज्याच्याकडे मुक्कामाला उतरायचा तो आमच्याच वाडीतला माणूस. त्याला मी फोन लावला. आधी त्यानं टाळाटाळ केली. मग बोलला. भाऊ कुर्ल्याच्या बाजूला एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला होता. गणपतीच्या आधीच बोलणं करून ठेवलेलं होतं. विमानाचं तिकीट त्यानं काढलंच नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी पहाटेची गाडी धरली. संगमेश्वर, चिपळूण, तो सगळा रस्ता मला पाठ आहे, पण कागदावर. नऊ तास एका जागी बसून जाणं वेगळं. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. कधीपासून हे? सांगितलं का नाहीस? पुढे काय? सगळे प्रश्न क्रमानं लावून ठेवले, चौकशी खिडकीवरच्या माणसासारखे.

कुर्ल्याला उतरून रिक्षानं गेलो. गल्लीत उघडे पडलेले एसी, तांब्याच्या नळ्या, आणि डोक्यावरून विमानं. इतकी खाली की चाकं दिसत होती. आयुष्यात एवढ्या जवळून विमान मी पहिल्यांदा पाहिलं. भाऊ दुकानासमोर फूटपाथवर उकिडवा बसून काहीतरी खोलत होता. मला बघून उठला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "जेवलास काय, दादा?"

वर माळ्यावर चौघांची खोली होती. त्यानं चहा मागवला. मी प्रश्न सुरू केले.

"कधी सुटलं काम?"

"एप्रिलमध्ये. आमचा सगळा गटच कमी केला. चार महिने दुसरं बघत होतो."

"मिळालं नाही?"

"पन्नाशीला आलेल्या माणसाला शिडीवर कोण चढवणार?" तो म्हणाला. तेवढ्यात विमान आलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.

"घरी बोलायचंस."

"बोलणार होतो. आल्या दिवशीच. पण आई शेजारणीला सांगत होती, दोह्याचा आलाय. मग राहिलं." चहाच्या ग्लासातली माशी त्यानं बोटानं काढून टाकली. "मग रोज राहत गेलं."

"आणि तो फोन? हिशेब तर तुला माझ्याइतकाच ठाऊक आहे. पावणेतीनला केला असतास तर मला कळलंसुद्धा नसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला हे समजत नाही याचंच त्याला नवल वाटलं असावं.

"आई साडेबाराला जेवते, दादा," तो म्हणाला. "मी खोलीत झोपून होतो. कुठं गेलोच नव्हतो. तिला कशाला पावणेतीनपर्यंत ताटकळत ठेवायची?"

परत एक विमान आलं. जुळवलेले पुष्कळ प्रश्न शिल्लक होते, एकही आठवेना.

शेवटी मी फोन काढला, घरी लावला आणि त्याच्या हातात दिला. तो घेईना. मी म्हटलं, "सात दिवस केर काढलेला नाही." मग घेतलान. पलीकडे बायकोनं उचलला आणि आईकडे दिला.

"आई, पोचलो," तो म्हणाला.

"कुठं?"

"मुंबईला."

मग तिचा आवाज आला, "बरं. सोडं नीट झाकून ठेव. मुंगी लागते."

"हो."

"ठेव मग."

त्यानं फोन मला परत दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. थोड्या वेळानं खालून मालकाची हाक आली. तो म्हणाला, "जातो. तू गाडीचं बघ, नाहीतर जागा मिळायची नाही तुला." मी म्हटलं, "मला नाही मिळणार तर कुणाला मिळणार?" तो हसला. जिन्यावरून उतरताना त्याचा गुडघा वाजत होता, तो मला वरपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. घर झाडलेलं होतं. अंगणसुद्धा. सात दिवसांचा केर बायकोनं माडाच्या आळ्यात नेऊन टाकला होता. आई पडवीत तांदूळ निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळलाय काय?" मी म्हटलं, "थोडा." ती पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली. दोह्याचं नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी काढलेलं नाही. शेजारीण विचारते, तिला आई सांगते, "कामावर आहे," आणि ते खोटंही नाही.

बायकोनं चहा दिला आणि समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. खोली कशी आहे, चौघं कसे राहतात, काम कधी सुटलं, मालक कसा आहे, कामाचे तास किती. साडेबाराचं सांगताना माझा आवाज जरा खाली आला. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. आपण गेलो ते बरं केलं, असं मला हळूहळू वाटायला लागलं होतं.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "भावजींना घरी या म्हणालात ना?"

मी कप खाली ठेवला. खोलीत शिरल्यापासून गाडीत बसेपर्यंतचं सगळं बोलणं मनात एकदा पुढून आणि एकदा मागून तपासलं.

"ते... त्याला कळलंच असेल."

"म्हणजे नाही म्हणालात."

ती उठली, कप उचलला आणि आत जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नऊ तास गेलात, नऊ तास आलात. आणि घरी ये, एवढं म्हणायला तुम्हाला वेळ मिळाला नाही."